शाहीर गेल्यावर त्याच्या पोरांचं काय होतं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात भीमजयंतीची पहिली बैठक बसली. मागच्या वर्षीचा हिशोब, मिरवणुकीचा मार्ग, पोलिसांची परवानगी हे सगळं तासाभरात उरकलं. मग गाण्याच्या कार्यक्रमाचा विषय निघाला आणि रात्रीचे अकरा वाजले.

पोरांचं म्हणणं, यंदा मोठं नाव आणायचं. मोठं नाव म्हणजे कुठलं हे कुणी विचारलं नाही. भीमगीतांत मोठं नाव म्हटलं की शिंदे. त्यावर नुकताच एलएलबीला गेलेला आमचा एक कार्यकर्ता उठला. म्हणाला, "आमदाराचा पोरगा आमदार का, म्हणून आपण पोस्टी टाकतो. मग गायकाचा पोरगा गायक आणि त्याचा पोरगा पुन्हा गायक, हे आपल्याला कसं चालतं? ही घराणेशाही नाही का?" प्रश्न बिनतोड वाटला. आमच्यातल्या निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागे भिंतीला टेकून एक जण बसला होता. बैठकीला तो सहसा येत नाही. अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे, पाळ्या बदलत असतात. आमच्या वस्तीतल्या शाहिरांचा तो मुलगा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्यानेच नको म्हटलंय. तो उभाही राहिला नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "बाबांच्या दोन वह्या तुमच्याकडे राहिल्यात. त्या द्या, मग घराणेशाहीवर बोला."

यावर कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

वह्यांची हकीकत आधी सांगितली पाहिजे, कारण चूक आमची आहे. २०२२ हे वामनदादा कर्डकांचं जन्मशताब्दी वर्ष. वामनदादा आपल्या जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. तेव्हा आम्ही ठरवलं की नुसती दादांच्या फोटोला माळ घालायची नाही, त्यांच्या वाटेने गेलेल्या वस्तीतल्या कवी-गायकांची एक स्मरणिका काढायची. आमचे शाहीर दोन वर्षांपूर्वीच कोरोनाच्या काळात गेले होते. वीस माणसांच्या वर जमायची सोय नव्हती, म्हणून त्यांची अभिवादन सभासुद्धा धड झाली नव्हती. ती हळहळ होतीच. आम्ही त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या हाताने लिहिलेल्या पाच वह्या आणल्या. किराणा दुकानात असतात तशा लांब, लाल पुठ्ठ्याच्या. स्मरणिका निघाली नाही. वर्गणी कमी पडली, मग निवडणूक आली, मग विषय मागे पडला. तीन वह्या परत गेल्या. दोन कुणाच्या तरी घरून कुणाच्या तरी घरी गेल्या आणि कुठे गेल्या ते आज आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

म्हणजे घराणेशाहीवर भाषण करणाऱ्या आम्हीच एका शाहिराच्या पोरांचा वारसा हरवला होता. त्या रात्री बैठक मोडली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

एलएलबीवाल्या मित्राचा मुद्दा बाजूला सारून चालणार नाही. आपल्या विचाराचा पायाच असा आहे की माणसाचा धंदा त्याच्या जन्माने ठरू नये. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी हेच मांडलं: जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाची कुवत पाहून नाही तर आईबापांचा दर्जा पाहून होते. गाण्या-वाजवण्याच्या बाबतीत आपल्या लोकांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. गावात हलगी कोणी वाजवायची, कोणाच्या लग्नात कोणी पुढे चालायचं, तमाशाच्या बोर्डावर कोणाच्या लेकीने उभं राहायचं, हे सगळं जन्माने ठरलेलं होतं. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाचा खेळ करून मदत देऊ केली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. बापूराव जन्माने कुळकर्णी, त्यांच्या फडाचं नाव गाजलं ते पवळामुळे, आणि पवळा आपल्या समाजाची. आपल्या बाया नाचवून आलेला पैसा आपल्या मुक्तीला नको, हा त्या नकाराचा अर्थ होता. नकार देताना हातात पैसा नव्हता, हेही लक्षात ठेवावं.

मग 'गायकाचा पोरगा गायक' हे ऐकल्यावर आपल्या कानाला खटकलंच पाहिजे. खटकत नसेल तर आपण बाबासाहेब वाचलेले नाहीत.

पण खटकल्यावर थांबायचं कुठे, हाही प्रश्न आहे. तमाशाचं उदाहरण घ्या. विठाबाई नारायणगावकर. वडील भाऊ-बापू मांग नारायणगावकर या जोडीतले, आजोबांपासून घरात फड. विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळालं, त्यांच्या नावाने आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं, आणि त्या २००२ साली गेल्या त्या हालाखीत. त्यांच्या मुली, मंगला बनसोडे वगैरे, त्याच बोर्डावर उभ्या राहिल्या. आईच्याच नावाचा पुरस्कार पुढे मंगलाताईंना मिळाला. मोठी कला, तीन-चार पिढ्यांची. यात शंका नाही. पण नारायणगावच्या त्या घरातल्या मुलीला लहानपणी दुसरं कुठलं दार उघडं होतं? शाळेचं? नोकरीचं? आपण 'समृद्ध परंपरा' म्हणतो तेव्हा हा प्रश्न गिळून टाकतो. ज्या घरातून बाहेर पडायला दारच नाही त्या घराला घराणं म्हणायचं की कोंडवाडा?

आता त्या शिंदे घराकडे या, ज्याच्यावरून बैठकीत वाद झाला.

प्रल्हाद शिंदे १९३३ चे. ज्या काळात कव्वालीचे सामने रात्ररात्र चालायचे त्या काळात घडलेला आवाज. आजही आषाढीला पंढरीच्या वाटेवर, गणपतीत गल्लोगल्लीच्या मांडवात जो आवाज पहाटे पहिला लागतो तो या बौद्ध माणसाचा. मांडवात बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं? आपल्यातले काही कडवे लोक यावरूनही त्यांना बोल लावतात, की देवाची गाणी का गायली. आम्हीही विशीत असताना लावले आहेत. आज वाटतं, ज्या माणसाला महिन्याचा पगार नाही, जो रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभा आहे, त्याला कुठलं गाणं घे आणि कुठलं सोड हे सांगायचा अधिकार, त्याच्या घरचं रेशन न भरता, आपल्याला कोणी दिला होता?

त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद कॅसेटच्या जमान्यात आली आणि 'नवीन पोपट' ने घराघरांत पोचली. त्या गाण्यावर नाकं मुरडणारे सदाशिवपेठी समीक्षक सोडा, आपल्यातलेही सुशिक्षित नाकं मुरडत होते आणि लग्नाच्या वरातीत त्याच्यावरच नाचत होते. पण हीच भावंडं जयंतीच्या मंचावर उभी राहिली की मैदान निळं व्हायचं. आणि तिसरी पिढी आदर्श आणि उत्कर्ष यांची. छोट्या पडद्यावर २०१९ ला बाबासाहेबांवरची मालिका आली तिचं शीर्षकगीत या भावांचं. उत्कर्ष शिंदे डॉक्टर आहेत. गातातही.

आमच्या मते सगळी गोम या एका वाक्यात आहे. ज्या घरातला मुलगा डॉक्टर होऊ शकतो आणि तरीही गातो, ते घर आणि ज्या घरातल्या मुलीला नाचण्यावाचून गत्यंतर नाही ते घर, यांना एकाच तराजूत घालता येत नाही. तिथे गाणं निवडलेलं आहे. आजोबांनी पोटासाठी गायलं, नातू डॉक्टर होऊन हौसेने गातो, हे जन्माने धंदा लादण्याच्या अगदी उलट आहे. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले होते. घरी वडील रामजी कबीरपंथी, भजनं कानावर पडलेली. म्हणून काही ते भजनीबुवा झाले नाहीत. आणि बॅरिस्टर झाले म्हणून सूरही तोडला नाही.

तेव्हा एलएलबीवाल्या मित्राला अर्धं उत्तर हे की आमदारकी नुसत्या आडनावावर पाच वर्षं टिकते, माईक नुसत्या आडनावावर पाच मिनिटंही टिकत नाही. आमच्या वस्तीतले लोक गायक बेसूर झाला की चहाला उठतात, बाप कोण हे विचारत नाहीत.

पण हे अर्धंच उत्तर. कारण ती पहिली पाच मिनिटं कोणाला मिळतात? तिथे आडनाव लागतं. बापाचे वादक, बापाचा साउंडवाला, बापाचे कार्यक्रम ठरवणारे, बापाला ओळखणारे मंडळांचे अध्यक्ष. पोरगा माईकपर्यंत पोचेपर्यंत अर्धी वाट बापाने चालून ठेवलेली असते. विठ्ठल उमपांचे पुत्र नंदेश उमप यांना ऐकताना 'जांभूळ आख्यान' चा बाप कानामागे उभा आहे असं वाटतंच. आणि असा बाप, जो नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळला आणि गेला. अशा बापाची पोरं घरी बसून निवांत वारसा खात नाहीत. ओझं वाहतात. तरी वाट त्यांना सापडलेली असते, हे खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मग ज्यांच्या बापाचं नाव वस्तीच्या बाहेर गेलंच नाही त्यांचं काय?

इथे आम्हाला आपल्या नाशिकचीच एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती आपली नाही, समोरच्या बाजूची आहे, पण शिकण्यासारखी आहे. पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम होता. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे, दरबारातलं गाणं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणणारे हे पलुस्कर. त्याच पंचवटीत २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या पाठीमागे हजारो माणसं मंदिराच्या दाराशी. एकीकडे रामनामाचं गायन, दुसरीकडे त्याच रामाच्या दारात लाठ्या आणि दगड. मध्यमवर्गापर्यंत पोचलेलं ते गाणं आपल्या वस्तीपर्यंत का आलं नाही, यावर वेगळा लेख लिहिता येईल.

आजचा मुद्दा निराळा. पलुस्करांना बारा मुलं झाली, त्यातला एकच जगला, दत्तात्रेय. ऑगस्ट १९३१ मध्ये पलुस्कर गेले तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. दहा वर्षांच्या पोराला बापाकडून किती गाणं मिळणार? पण बापाचे शिष्य होते. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास. त्यांनी हा पोरगा उचलला, शिकवला. १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. पुढे 'बैजू बावरा' त अमीर खाँसाहेबांसमोर गाणारे द. वि. पलुस्कर ते हेच. चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये, तेही गेले. तरी गाणं थांबलं नाही, कारण शिष्यांनी १९३१ मध्येच अखिल भारतीय मंडळ उभं केलं होतं. प्रवेशिका, विशारद या ज्या परीक्षांना आज आपल्याही वस्तीतली एखाद-दुसरी पोर बसते त्या याच मंडळाच्या.

म्हणजे ज्याला आपण 'रक्तातलं गाणं' म्हणतो ते दत्तात्रेयाच्या बाबतीत रक्तातून आलेलंच नव्हतं. ते शिष्यांच्या हातातून आलं. बाप गेल्यावर पोराला झेलणारे हात तयार होते. पुण्यात दीनानाथ मंगेशकर १९४२ ला गेले, लता तेव्हा बारा वर्षांची. तिलाही पोटासाठी सिनेमात उभं राहावं लागलं, पण मास्टर विनायकांसारखा हात तिथे होता. प्रतिभा तिची, कष्ट तिचे, यात वाद नाही. पण हात होता.

आमच्या शाहिरांच्या पोरांना कोणाचा हात होता? आम्हीच होतो ना त्यांचे शिष्य. त्यांच्या गाण्यावर वाढलेले, त्यांच्या घोषणा चोरून भाषणं करणारे. शाहीर गेले, आम्ही फोटोला हार घातला, मुलाला म्हटलं, "बाबांचा वारसा पुढे चालव." तो काय खाऊन पुढे चालवणार होता हे विचारलं नाही. जयंतीला त्याला बोलवायचो, एक गाणं म्हणायला लावायचो, शाल-नारळ द्यायचो. बाहेरून येणाऱ्या पार्टीला मात्र आगाऊ रक्कम, गाडीभाडं, जेवण. तीन वर्षांनी त्याने येणं बंद केलं तेव्हा आमच्यातलेच म्हणाले, "पोरगं चळवळीपासून लांब गेलं."

तो लांब गेला की आम्ही ढकलला? जन्माने लादलेलं काम म्हणजे जात. मग बापाचं काम पोराने फुकटात, भावनेपोटी, समाजासाठी म्हणून करत राहावं ही अपेक्षा काय आहे? गावकीची वेठ गेली, चळवळीची वेठ आपण सुरू केली. हे वाक्य लिहिताना आम्हाला बरं वाटत नाही. पण दुसरा शब्द सापडला नाही.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे एकाच वर्षी गेले. दादा १५ मे २००४ ला, शिंदे २३ जूनला. सव्वा महिन्याचं अंतर. एकाच्या मागे गाणाऱ्यांनी भरलेलं घर. दुसऱ्याची पोटची मुलगी लहानपणीच गेलेली. रक्ताचा म्हणावा असा गाणारा वारस दादांना नाही. ज्या माणसाला तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती, जो मुंबईच्या गिरणगावात मजुरी करता करता वाचायला शिकला आणि १९४३ पासून मरेपर्यंत गावोगाव पायी फिरत हजारो गाणी लिहून वाटून आला, त्याचे वारस किती? मोजता येणार नाहीत. मराठवाड्यातल्या कुठल्याही वस्तीत जा, कोणीतरी दादांचं गाणं दादांच्या ढंगात म्हणतं. एकतारीवर गाणाऱ्या औरंगाबादच्या कडुबाई खरात फोनमधून साऱ्या महाराष्ट्रात पोचल्या त्या कुठल्या आडनावाच्या जोरावर? दादांच्याही आधी आपल्याच जिल्ह्यातले भीमराव कर्डक जलसे घेऊन फिरले. तमाशाचा साचा ठेवला, त्यातला चावटपणा आणि बाई नाचवणं काढून टाकलं, आणि मंदिर, पाणी, शाळा हे विषय भरले. एका जलशाने सभांचं काम होतं हे बाबासाहेबांनाही पटलेलं होतं. जलशात येणारी पोरं कोणा गायकाची नव्हती, शेतमजुरांची आणि गिरणी कामगारांची होती.

म्हणून कुणी म्हणेल, बघा, आपल्या परंपरेत रक्ताची गरजच नाही, वामनदादांचे वारस आपण सगळे. हे वाक्य आम्हीही भाषणात वापरलंय, टाळ्याही घेतल्यात. पण 'आपण सगळे वारस' म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. सगळ्यांची म्हणून ठेवलेली वही हरवते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. वामनदादांनी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवून ठेवलं, बहुतेक याच भीतीने. आणि आम्ही पाहतो काय, की रील करणारे गायक शेवटचं कडवंच गाळतात. तीस सेकंदांत बसत नाही म्हणे.

आमच्या शाहिरांनी असं नाव ओवलेलं नव्हतं. ते लाजाळू होते. वही हेच त्यांचं नाव होतं.

बैठकीनंतर आठ दिवसांनी आम्ही चौघं त्यांच्या मुलाकडे गेलो. वह्या मिळणार नाहीत हे तोंडाने सांगायला. त्याने चहा केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "मला गाता येत नाही, दादा. कधीच येत नव्हतं. बाबांनाही ते माहीत होतं. तुम्ही दर जयंतीला मला उभं करायचा आणि मी रात्रभर झोपायचो नाही. गाणं ताईला येतं. सगळं पाठ आहे तिला. तुम्ही तिला कधी विचारलंच नाही."

वीस वर्षं आम्ही त्या घरी जात होतो. शाहीर गाताना आतल्या खोलीतून कोरस यायचा, तो कुणाचा हे आम्हाला ठाऊक होतं. कोरसला मंचावर बोलवायचं आम्हाला सुचलं नाही. वारस म्हणजे मुलगा, हे गणित आम्ही मनुस्मृती जाळणाऱ्यांनी कुठून शिकलो? शिंदे घराण्याच्या तिसऱ्या पिढीवर वाद घालणाऱ्या त्या बैठकीत एकाही बाईचं नाव निघालं नव्हतं, ना घराण्याच्या बाजूने ना विरोधात. मंगला बनसोड्यांना आपण फडावर ऐकतो, कडुबाईंना फोनवर ऐकतो, आणि आपल्या शाहिराच्या लेकीला हळदीकुंकवाचा नाद नाही म्हणून 'पुरोगामी सून' एवढंच प्रमाणपत्र देतो.

ताई मनमाडला असतात. अंगणवाडीत मदतनीस आहेत. फोन केला तेव्हा आधी त्यांना वाटलं कुणीतरी वारलं. मग ऐकून घेतलं. दोन वह्या हरवल्या म्हटल्यावर बराच वेळ गप्प होत्या. पाठीमागे रेल्वेची शिट्टी ऐकू येत होती. मग विचारलं, "कोणत्या? जाड पुठ्ठ्याची एक आणि एक शाई सांडलेली?" हो म्हटलं. "शाई सांडलेलीत जास्त चांगली होती," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर शनिवारी रात्री, पोषण आहाराची रजिस्टरं भरून झाली की, त्या फोनवर म्हणतात आणि आमच्यातली एक पोरगी लिहून घेते. रेकॉर्डही करतो. आतापर्यंत अकरा गाणी झाली. एका गाण्याचं तिसरं कडवं त्यांना आठवत नाही. आम्ही म्हटलं, बाकीचं असेल तसं छापू. त्या म्हणाल्या, ते कडवं बाबा दर वेळी नवीन जोडायचे, ज्या गावात गातील त्या गावचं. वहीत ती जागा कोरीच होती. छापताना कोरीच ठेवा.

पुस्तिका काढायचं पुन्हा ठरलंय. यावेळी ताईंनी दोन अटी घातल्या. एक, संकलन म्हणून त्यांचं नाव, माहेरच्या आडनावासकट. दुसरी, चौदा एप्रिलला त्या गातील, पण बाहेरच्या पार्टीला देता त्याच दराने मानधन, आणि निम्मं आधी. शाल-नारळ नको, घरी सहा शाली पडल्यात.

दुसऱ्या बैठकीत या अटी ठेवल्या. एक ज्येष्ठ म्हणाले, "आपल्याच शाहिराची लेक पैसे मागते?" कुणी काही बोलायच्या आत एलएलबीवाला मित्र उठला आणि म्हणाला, मोठ्या नावाला बोलवायचं की नाही ते नंतर ठरवू, आधी हिची रक्कम लिहा. खजिनदाराने वही उघडली. नवीन वही आहे, लाल पुठ्ठ्याचीच. पहिल्या पानावर वर्गणी, दुसऱ्या पानावर मंडप, साउंड, आणि तिसऱ्या ओळीला ताईंचं पूर्ण नाव आणि आकडा. निम्मी रक्कम अजून जमायची आहे. ज्यांना द्यायची असेल त्यांनी विहारात संध्याकाळी सात ते नऊ यावं, पावती मिळेल.

जयभीम.